दुपारचं डिनर

हार्लन क्रीक, टेक्सास
३ मार्च

सौ. यामिनीताईस,
सिद्धेशचा स. न. वि. वि.

पत्र लिहायचं बरेच दिवस टाळलं, कबूल. सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं. इंजिनीयरिंग सोडून भटकता भटकता ज्या खानावळीत टिकलो, तीच बंद पडायला आलीय. उन्हाळ्यापर्यंत चालली नाही तर तुझ्याकडे येऊन पुन्हा कॉलेजात बसेन, हा शब्द मी बाबांना दिलाय.

झालं असं, की मालकीण लोरेटाआजींची पाटी वादळात फुटली. मी हौसेने नवी रंगवली: ब्रेकफास्ट, लंच, डिनर. निळा रंग. मांजराचे पायही निळे झाले, ते वेगळंच. तेव्हापासून दुपारचे शेतकरी येईनात. त्यांना वाटतं, आजींनी स्वयंपाक सोडला. का, ते मला कळेना, आणि आजींना वाटतं लोकच बदलले.

बाबांना यातलं सांगू नकोस.

तुझाच,
सिद्धेश

अ‍ॅशबर्न
११ मार्च

चि. सिद्धेश यास अनेक आशीर्वाद.

सांगू नकोस काय? बाबा माझ्याच घरी आहेत; तुझं नाव काढत नाहीत, पण पत्र टेबलावर दिसलं की चष्मा शोधतात.

ऑफिसातल्या डेब्राला विचारलं. ती केंटकीच्या खेड्यातली. हसून म्हणाली, त्यांच्याकडे दुपारचं ते डिनर, संध्याकाळचं सपर. लंच म्हणजे कागदी पिशवीतलं गार सँडविच. शहरात नोकरी लागल्यावर गावंढळ वाटू नये म्हणून तिनेही लंच म्हणायला सुरुवात केली, आईसमोर मात्र अजून डिनरच. आमच्या बॉसबाईंकडे परवा लंचन होतं, लंचचा थाटाचा अवतार, म्हणजे सॅलडची चार पानं नि एक कोळंबी. घरी येऊन वरणभात खाल्ला.

हे जेवताना सांगितलं, तर बाबा ताटातून वर न बघता म्हणाले, म्हणजे लंच ही शेतावर नेतात ती शिदोरी. दमून आलेल्या माणसाला दारातच शिदोरीची पाटी दाखवली, तर तो कशाला आत येईल.

बघ बाबा. आणि वेळेवर जेव, नाव काही का असेना.

तुझी,
ताई

हार्लन क्रीक
६ एप्रिल

सौ. ताईस,
स. न. वि. वि.

पाटी पुन्हा रंगवली. दुपारी डिनर, संध्याकाळी सपर. खाली बारीक अक्षरात, हायवेवरच्या लोकांसाठी, लंचही मिळेल. मांजराला आधी कोंडलं.

पहिल्याच दिवशी जुने लोक टोप्या काढून आत आले, आजी तव्यापाशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि कांद्याला दोष देत होत्या. आता चर्च सुटल्यावर रविवारी बाहेरपर्यंत रांग लागते. मक्याच्या ब्रेडबरोबर मी पिठलं ठेवलं, तेही संपतं. आजींनी स्वयंपाकघर माझ्या हाती दिलंय. कॉलेजचं राहिलं, ताई. बाबांना कसं सांगू, तेवढं कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सिद्धेश

ता. क. पाकीट बंद करणार, तोच इथे टेक्सासातच राहणाऱ्या आपल्या प्लेनोच्या काकांची गाडी दारात थांबली. त्यातून बाबा उतरलेत, काही न कळवता. पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, मग आत येऊन आजींना इंग्रजीत विचारताहेत, डिनर अजून चालू आहे का. ताट घ्यायला जातो.