अनंताची कुंडी

मंगळवार, १२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. रागातले आहेत, पण आशीर्वादच.

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, तुझी बस सुटून तास-दीड तासही झाला नसेल, मी गॅलरीचं दार उघडलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला काय दिसावं? माझ्या भावाने लावलेला अनंत पार अर्ध्यावर छाटलेला! आठवडाभर उजेडाचा त्रास होईल म्हणून तू ते दार लावून ठेवलंस, त्याचं कारण आता कळलं.

तो तुझा नवरा होता, मान्य. पण त्याच्या हातचं माझ्याकडे तेवढं एकच झाड उरलंय. माती मी पिठाच्या चाळणीने चाळून घातली होती. पानांनी माना टाकल्या तेव्हा सकाळ-संध्याकाळच्या जोडीला दुपारचंही पाणी सुरू केलं. बँकेत माझ्या सहीशिवाय तिजोरी उघडत नसे, आणि माझ्याच घरात माझं झाड परस्पर कापलं जातं! सातवीच्या पोरांना विज्ञान शिकवतेस ना? मग मलाही खुलासा कर, आणि लेखी कर.

डोळ्यात थेंब घालते आहे. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे.

तुझी,
वन्सं

शनिवार, १६ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार.

रागातले आशीर्वाद पोचले. डोक्याला लावून घेतले.

तुम्ही दवाखान्यात होतात त्या दुपारी मी झाडाला पाणी घालायला गेले. मातीचा चिखल झाला होता आणि पानं मात्र तहानेने लोंबत होती. कुंडी आडवी केली, तर तळाची भोकं मेणाने बुजवलेली. इतकं नीटनेटकं काम तुमच्याशिवाय कोणाचं असणार? खालच्या शिंप्याने कपड्यांवर थेंब पडतात म्हणून तक्रार केली होती, ते आठवलं.

वन्सं, मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये फटी असतात. मोठ्या फटींतलं पाणी निथळून जातं नि तिथे हवा शिरते. बारीक फटी पाणी धरून ठेवतात, ते मुळं हळूहळू ओढून घेतात. तुमच्या चाळणीने मोठी फट ठेवलीच नाही, आणि निथळायची वाट मेणाने बंद झाली. मुळं गुदमरून कुजली. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं. ती तहान बघून तुम्ही आणखी पाणी घालत राहिलात.

काळी पडलेली मुळं कापली, थोडीशी पांढरी उरली. पानांतून पाणी उडून जातं, तसं खालून वर ओढलं जातं. एवढ्याशा मुळांना एवढ्या पानांचा संसार झेपला नसता, म्हणून वरचंही छाटलं. मग जाडीभरडी माती, थोडी वाळू आणि पालापाचोळा घातला.

सांगितलं असतं तर तुम्ही डोळ्यावरच्या पट्टीसकट गॅलरीत ठाण मांडलं असतं. शिवाय ते जगेल याची मलाच खात्री नव्हती. कात्री दोनदा उचलून खाली ठेवली हो. तुमचा भाऊ होता, तसा माझाही कोणीतरी होताच.

आता बोट मातीत खुपसून बघा, आत कोरडं लागलं तरच पाणी घाला. शिंप्यासाठी खाली ताटली ठेवा, त्यात साचलेलं ओतून टाका. रागवायचं तेवढं रागवा, पण जेवण टाळू नका.

तुमची,
धाकटी

शुक्रवार, १९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. या वेळी नुसते.

उत्तराला महिना लावला, कारण तुला माफी द्यावी की तुझ्यावर खटला भरावा, हे झाडाने सांगितल्याशिवाय ठरत नव्हतं. आज खोडाच्या कापल्या टोकाखाली दोन हिरवे ठिपके दिसले. आधी वाटलं, नवा डोळा थट्टा करतोय. शिंप्याला वर बोलावून दाखवले. तो म्हणाला कोंबच आहेत, आणि ताटलीबद्दल माझे आभार मानून गेला. त्याचे आभार मी तुझ्या वतीने घेतले.

लहानपणी माझा भाऊ आजारी पडला की मी सगळ्या खिडक्या लावून घ्यायची, पायापर्यंत पांघरूण घालायची आणि उशाशी बसून राहायची. ताई, जरा वारा येऊ दे, असं तो कुरकुरायचा. त्याच्या झाडालाही मी वारा लागू दिला नाही. तू दिलास. माझ्या डोळ्यात थेंब घातलेस, माझी बोलणी खाल्लीस, आणि त्याला जगवलंस. आभार मानायची माझ्या जिभेला सवय नाही, म्हणून हाताने लिहिते आहे: तू होतीस म्हणून तो आहे. सुखी राहा.

आता कामाचं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन १४ मेला आहे. जवळ कोण राहणार, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी तुझं नाव देऊन टाकलं. परस्पर कामं उरकायची पद्धत या घरात तूच पाडलीस. शाळेला तेव्हा सुट्टी असते, त्यामुळे ती सबब चालणार नाही. येताना कात्री आण. गॅलरीचं दार मात्र उघडं राहील.

तुझा होकार मला लेखी हवा, फोनवरचा नको. मंगळवार, ३० एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत पत्र माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच,
वन्सं