बेटावरचे अण्णा

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे खरोखर आडवा झालो तर उठवायला माणूस लागेल, तेव्हा तो कागदावरच गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला त्यांच्या रागापेक्षा लवकर उतरो. आम्ही सगळे मजेत आहोत. अण्णा तेवढे बांबूत आहेत.

सुरुवातीपासून सांगतो. आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर माणूस म्हणून सोन्यासारखे, पण कुंपणावरून बोलताना ते डोळ्यांत न बघता तोंडात बघतात. त्यांच्यापायी आम्ही बागेत हसणं सोडलं होतं. तुझी भावजय तर जांभईसुद्धा घरात जाऊन देते. म्हणून मी आडोशाला शोभेचा बांबू लावायचं ठरवलं. रोपवाटिकेवाला म्हणाला, "साहेब, पळणारा बांबू वेगळा. हा बसका. लावाल तिथंच बेट करून राहील." मी पाच रोपं आणली आणि कुंपणापासून फाटकापर्यंत गोलात लावली. (गोलाची कल्पना माझी. तुझी भावजय हे सगळ्यांना सांगतेच, म्हणून मीच आधी सांगून टाकतो.)

रोपवाटिकेवाला खोटं बोलला नाही. बांबू पळाला नाही, बसलाच. पण आपली आत्या दोन दिवसांसाठी येऊन बसायची तसा, हळूहळू पसरत. पाचांचं एक बेट झालं, फाटक त्याच्या पोटात गेलं, आणि मधोमध वेताच्या खुर्चीत पेपर वाचणाऱ्या अण्णांच्या चारी बाजूंनी कोंब उभे राहिले. आम्ही हाका मारल्या. अण्णा म्हणाले, "अग्रलेख संपवून येतो." तेवढ्यात कोंबांचे बांबू झाले. (त्याला बेट का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.)

आता घराबाहेर पडायचं तर कुंपणाची फळी सरकवून डॉक्टरांच्या दवाखान्यातून. ज्यांच्यापासून लपायचं होतं, त्यांना दिवसातून दोनदा 'आ' करून दाखवतो. भाजी आणायला गेलेली तुझी भावजय दाढ भरून परत आली, भाजी राहिली. मी चष्म्याच्या दुकानात पोचतो तो अर्धी जीभ बधिर घेऊन. परवा गिऱ्हाइकाला 'खालची ओळ वाचा' म्हणालो, तर ते बिचारं धावत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आलं.

शेवटी मी करवत आणली. अण्णा आतून शांतपणे म्हणाले, "एक काठी तोडलीस तर जेवण सोडेन." मग कळलं, की डॉक्टरांनी त्यांचे उरलेले तीन दात काढायचं परस्पर ठरवून टाकलं आहे. "हे तीन तुझ्या आईला आवडायचे," अण्णा म्हणाले. "मी हसलो की ती बघत बसायची." अक्का, मी करवत ठेवून दिली. आता ताट फटीतून उभं आत सरकवतो, त्यामुळे पातळ काही वाढता येत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो असाच बसका असू दे.

तुझा धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. अण्णा तुझ्याकडे राहायला तयार आहेत. वरून उतरवून घ्यायला लांब शिडी घेऊन ये.

आणखी ता. क. फाटक बंद असल्यामुळे तुलाही दवाखान्यातूनच यावं लागेल. डॉक्टरांना तसं सांगून ठेवलंय. त्यांनी तुला रविवारी अकराची वेळ दिली आहे. शिडी आणली तरी चालेल म्हणाले, फक्त निघताना सुपारी खाऊ नकोस.