खिळ्यावरचा खाका

प्रिय ताई,

कागदाच्या आकाराला हसू नकोस. एक कड सरळ आहे आणि दुसरी मध्येच आत गेलेली, त्यामुळे पत्राच्या मध्यावर ओळी आखूड होतील आणि खाली पुन्हा लांब. हाताशी हाच कागद होता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही, आणि मला अर्धं खोटंही पचत नाही हे तुला ठाऊक आहे. खरं कारण शेवटी सांगते, म्हणजे तोवर मला धीर येईल.

ट्रायलरूममध्ये पडदा ओढून बसले आहे. आज दुकान बंद असतं. आई-बाबा कापड आणायला बाजारात गेलेत, संध्याकाळपर्यंत येतील. सगळं घर मोकळं असताना मी इथेच का येऊन बसले, देव जाणे. सवय, दुसरं काय. वर घर, खाली दुकान, आणि बाहेर पडायचं दार एकच, तेही दुकानातून, आईच्या कटिंगच्या टेबलासमोरून. तू होतीस तेव्हा ते दार एवढं अरुंद वाटायचं का गं? बाबांचा गुडघा आता बरा आहे. स्टुलावर बसून इस्त्री करतात. परवा आईने माझ्या ताटातला भात परत पातेल्यात टाकला, तेव्हा इस्त्रीवर पाणी शिंपडत म्हणाले की या घरात मुली फक्त उंचीने वाढतात. आईने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. बाबा एवढंच करू शकतात, एक टोमणा मारायचा आणि पुढचा सदरा घ्यायचा.

आईने तुला फोन केला असेलच. तुझ्या चिमणीला या सुट्टीत पाठव, थोडं वळण लावते, म्हणून. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, पोरगी उंच झालीय, मापावर येते का बघू.

तुला आठवतं, पहिल्यांदा तू टेबलावर उभी राहिलीस तेव्हा दुकानात पुतळा नव्हता. आईने तुझ्या अंगावरून कागदाचा खाका कापला, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि नमुन्याचा प्रत्येक फ्रॉक त्यावरच बेतला. तो घालून तू गिऱ्हाइकांसमोर दोन फेऱ्या मारायचीस आणि बायका ऑर्डरी देऊन जायच्या. दुकान त्यावर चाललं, हे मी विसरत नाही. पुढे पुतळा आला, पण आई म्हणाली, पुतळ्याला चालता येत नाही. मग तू लग्न करून गेलीस आणि फेऱ्या माझ्याकडे आल्या. दर सोमवारी, शटर उघडायच्या आधी, आई गळ्यातली टेप काढते आणि माझ्या कमरेला लावते. टेप चिकटायला नको, सरकायला हवी. सरकली की आई हसते. त्या एका हसण्यावर मी आठवडा काढायचे. गिऱ्हाइकांच्या कपड्यांत आई शिवणीच्या आत भरपूर माया ठेवते, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. तुझ्या-माझ्या कपड्यांत तिने कधी बोटभरही ठेवली नाही.

मी शिवण कुठल्या शाळेत शिकले नाही, आईच्या मांडीशी बसून शिकले, आणि खाणंही तिथेच शिकले. पोट थोडं रिकामं असताना उठावं. भूक लागली की आधी पाणी प्यावं. आवडतं ते शेवटी घ्यावं, म्हणजे राहून जातं. पाढे पाठ व्हावेत तसं सगळं पाठ झालं, आणि माझ्यासारखी मुलगी पाढा कधी चुकवत नाही.

मी टेबलावरून पडले हे आईने तुला सांगितलं का? बहुतेक नसेल. गिऱ्हाईक समोर होतं, मी वळले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. आईला आनंद झाला. म्हणाली, आता शास्त्रशुद्ध होईल.

त्या बाईंची खोली एका पुस्तकाच्या दुकानाच्या वर आहे. आत शिरताच मी चपला, कानातले, हातातलं घड्याळ, सगळं काढून ठेवलं आणि वजनाचा काटा शोधू लागले. काटा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. त्यांनी सगळं परत घालायला सांगितलं आणि बसवलं. खुर्च्या रुंद, हात नसलेल्या. कोणीही मावेल अशा. मग विचारलं, भूक लागली हे तुम्हाला कुठे कळतं? मी म्हटलं, घड्याळात. त्या हसल्या नाहीत. लहानपणी काय आवडायचं, असं विचारलं, आणि ताई, मला एकही पदार्थ आठवेना. परीक्षेत कोरा पेपर द्यावा तशी मी बसून राहिले. मग रडले. कुणी मारलं नाही, रागावलं नाही, तरी रडले.

शेवटी मी तक्ता मागितला. सकाळी काय, दुपारी काय, किती, ते लिहून द्या म्हटलं. त्यांनी दिला नाही. पुढच्या वेळी पुन्हा मागितला. तेव्हा त्या म्हणाल्या, "कागद दिला तर तुम्ही तो तंतोतंत पाळाल. मला तीच भीती वाटते."

इतक्या थोड्या ओळखीत मला कुणी असं ओळखलं नव्हतं.

त्यांची पद्धत अशीच आहे. सगळ्यांना एकच माप लावत नाहीत. माझा दिवस कसा जातो ते बारकाईने विचारून घेतलं, किती वेळ उभी असते, फिटिंग कधी असतं, जेवताना समोर कोण बसतं. त्यातूनच आम्ही माझी भूक शोधून काढली. दुपारी सुई ओवताना दोरा हुकायला लागतो ना, मी चष्मा लागला असं समजत होते. ती भूक होती. गिऱ्हाइकाने गळा जरा वर घ्या म्हटलं आणि मला रडू आलं, तीही भूकच. आता बटणांच्या खणात मागे एक डबा असतो. शेंगदाणे, केळं, कधी पावाला लोणी. फिटिंगच्या आधी खाते. वजन किती ते मला माहीत नाही, त्यांनी विचारलंही नाही. त्या विचारतात झोप लागते का, हात गार पडतात का. हात आता गार पडत नाहीत. कित्येक महिने बंद असलेली पाळी परत आली. मागच्या आठवड्यात एका फ्रॉकची पूर्ण पट्टी हाताने शिवली आणि त्या सगळ्या वेळात खाण्याचा विचार एकदाही मनात आला नाही. उठल्यावर लक्षात आलं, डोक्यात केवढी जागा आहे! उकडलेला बटाटा मीठ लावून मला फार आवडतो, हेही कळलं. या वयात.

पण हे त्या खोलीत. जिना उतरून घरी आले की पुन्हा तेच दार, तेच टेबल. आई रोज विचारते, आज काय बंद करायला सांगितलं? काहीच नाही म्हटलं की तिला पटत नाही. काही बंद करत नाही ती कसली डाएटवाली, नुसत्या गप्पा मारायला कुणी जातं का, म्हणते. आणि सोमवारी टेप सरकली नाही. आईने टेप गळ्यात टाकली आणि पुतळ्यावरचा निळा फ्रॉक माझ्या हातात दिला. मागची चेन अर्ध्यावर अडली. दम लागेस्तोवर मी पोट आत ओढून उभी राहिले, आणि तिन्ही आरशांत तिघी जणी माझ्यासारख्याच उभ्या. आई एवढंच म्हणाली, "येशील मापावर. नाहीतर चिमणी येतेच आहे." तिच्या आवाजात राग नव्हता गं. ती जेवायलाही बसत नाही, उभ्यानेच दोन घास खाते. तिला वाटतं ती आपल्याला दुकान देतेय.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी सहज विचारलं, तो खाका कुणाचा, कधीचा? मी म्हटलं, ताईचा, ती पंधरा वर्षांची होती तेव्हाचा. बोलले आणि माझंच मला ऐकू आलं. इतकी वर्षं मी, बाई माणूस, एका पंधरा वर्षांच्या मुलीत मावायचा प्रयत्न करतेय. आणि तूही करतेस, ताई. येतेस तेव्हा घरातून जेवून निघाले म्हणतेस आणि ढगळ स्वेटर घालून कोपऱ्यात बसतेस. चिमणी फोनवर म्हणाली, आई सगळ्यांचं झाल्यावर जेवते, आणि हल्ली मीही तिच्याबरोबर थांबते. ती हे मोठ्या कौतुकाने सांगत होती.

म्हणून हे पत्र. तू ज्या कागदावर वाचते आहेस तो उलटा कर, म्हणजे आईच्या खडूच्या रेघा दिसतील. ही तूच आहेस, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. आकडे आईने कधी कुठे लिहिले नाहीत, माप म्हणजे हा कागदच, आणि आता तो त्या खिळ्यावर नाही. तिथे मी दुसरा लावलाय, माझ्या आजच्या अंगावरून कापलेला, शिवणीला माया ठेवून. संध्याकाळी आई विचारेल आणि मी खरं सांगेन. ती यायच्या आत समोरच्या टपालपेटीत पाकीट पडलं की परत घेता येणार नाही. चिमणीला पाठव, नक्की पाठव, तिला ताटात मी वाढेन. पाकिटात खाक्याचा पाठीचा भागही आहे, तो कोरा आहे. हवा तेवढा तुकडा फाड आणि त्यावर मला लिहून पाठव, लहानपणी तुला काय आवडायचं.

तुझीच, बटाटा आवडणारी
धाकटी