फाट्यावरची पांढरी माती

बाई, आज उत्खननाचा खड्डा बुजवला. फाट्याजवळच्या त्याच शेतात, तुमच्या खड्ड्याला लागून पूर्वेच्या अंगाला, आम्ही यंदा दुसरा खड्डा घेतला होता. तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी त्या शेतात उभी राहिले की माझा हात अजून डोक्याकडे जातो, टोपी आहे ना बघायला. उघड्या डोक्यानं उन्हात उभं राहिलेलं तुम्हाला खपायचं नाही आणि माझी पहिली टोपी तुम्हीच दिलेली. मला एक सांगायचं आहे, ते लांबण न लावता सांगते. तुमची बाजारपेठ तिथं नव्हती.

तुम्ही आम्हाला तिथं पहिल्यांदा आणलंत तेव्हा मी एम.ए.ला होते. मुक्काम गावच्या शाळेत, स्वयंपाक व्हरांड्यात तीन दगडांवर. तुम्ही पुण्याच्या, हौसेनं भाकरी थापायला बसलात आणि पहिलीच भाकरी तव्यावर टाकताना फाटली. ज्यांच्या शेतात आपण खणत होतो त्या चाचांची बायको, आपली खाला, ठेचा घेऊन आली होती. ती म्हणाली, "बाई, तुमी फुटकी खापरं जोडा. भाकरी आमी बघतो." तिच्यापेक्षा तुम्हीच मोठ्यानं हसलात. संध्याकाळी तुम्ही आम्हाला फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर नेता. एक रस्ता उमरग्याकडून पुढं कर्नाटकात उतरतो, दुसरा पश्चिमेला घाटाकडे जातो. थांबलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला तुम्ही विचारता, कुठून आलास, काय भरलंय, कुठं चाललास. एक जण वैतागून म्हणतो, "काय मावशी, आरटीओच्या हाव का तुमी?" तुम्ही म्हणता, "नाही रे बाबा, मी फार जुन्या गाड्यांची चौकशी करते." मग आमच्याकडे वळून सांगता, दोन हजार वर्षांपूर्वी किनाऱ्याचा माल घाट चढून तेरला जायचा, तेरहून दक्षिणेला उतरायचा, आणि दोन वाटा मिळतात तिथं माणूस थांबणारच, कुणी चूल मांडणार, कुणी दुकान. तो फाटा दाखवताना तुमचा हात हवेत जसा फिरायचा, तो मला आजही दिसतो. आणि खड्ड्यात तर सगळं मिळतच होतं. लाल झिलईची खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, समुद्रापलीकडून आलेल्या मद्याच्या कुंभाचा एक कान. त्यावर तुमचा निबंध उभा राहिला आणि तुमच्या निबंधावर माझा प्रबंध.

यंदा ग्रामपंचायतीला फाट्यावर 'प्राचीन बाजारपेठ' अशी पाटी लावायची होती, म्हणून निदान एखादं घर, एखादं दुकान नीट उघडून दाखवावं असं मी ठरवलं. खापरं मिळाली, भरपूर मिळाली. पण घराची जमीन मिळेना. सारवण नाही, चूल नाही, पुरलेला रांजण नाही. नुसती भुरकट पांढरी माती आणि तिच्यात एकमेकांशी न जुळणारी खापरं. कमरेइतकं खोल गेल्यावर त्या मातीखाली कंदिलाची काच निघाली. उंदराच्या बिळातून घसरली असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग तिच्याच पातळीला दाराची लोखंडी बिजागरी आली, तिच्याजवळ कुजलेल्या तुळईचा काळा पट्टा आणि त्यावर तुराट्यांचे, तुरीच्या वाळक्या काड्यांचे ठसे. काच खाली आणि सातवाहनांच्या काळातली खापरं वर. मी खड्ड्याच्या कडेला बसले. मला सगळं कळलं होतं आणि कळायला नको होतं.

आमचं बेंबळी गावचं घर माळवदाचं, सपाट मातीच्या छताचं होतं, हे तुम्हाला मी कधी सांगितलं होतं का, आठवत नाही. तुळयांवर तुराट्या, त्यावर चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ही माती कुठलीही चालत नाही. जुन्या मोडलेल्या गावाच्या टेकाडाची, पांढरीचीच लागते. तिच्यातून पाणी झिरपत नाही आणि गवतही फारसं धरत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात वडील गाडी जुंपून ती आणायचे. तिच्यात खापरं असायचीच. आम्ही बहिणी त्यांतली चपटी वेचून ठिकरी खेळायचो. असं घर ओस पडलं की माळवद एक दिवस खाली बसतं, आणि कुठल्या तरी दूरच्या गावाची दोन हजार वर्षांची माती कालच्या कंदिलावर येऊन पडते. तुम्ही पक्क्या घरात वाढलेल्या, तुम्हाला हे कसं सुचावं? मला सुचायला हवं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारून पाहिला. तेव्हा मी शिकायला आले होते, आणि घरी जे ठाऊक होतं त्याला मी शिक्षणात धरत नव्हते.

चाचांकडे गेले. खाला गेल्यापासून ते दारातच बाज टाकून असतात. मी विचारलं, फाट्याजवळ कधी घरं होती का?

"व्हय की. धा-बारा घरांची वाडी व्हती. आमचा दादा, बापाचा बाप, सांगायचा, पिलेगात उठली. मंग कुनी म्हागारी आलं न्हाय."

"माळवदाला माती कुठून आणायचे?"

"नदीच्या पांढरीवरनं. दुसरीकडं कुठं गावती?" एवढं बोलून ते बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, "म्हंजे त्ये परदेशी भांडं नदीकाठचं? आमच्या रानातलं न्हाय?"

"नाही, चाचा."

"आता ग माय! पोरीच्या सोयरिकीत सांगितलं म्या, आमच्या रानात जहाजाचा माल उतरत व्हता म्हून. आता पाव्हण्याला काय सांगू, माळवद पडलं व्हतं?" ते हसले, पण हसू लगेच विरलं. मग त्यांनी विचारलं, "बाईला कळलं व्हतं का ह्ये?"

"नाही."

"मंग बरं झालं," ते म्हणाले.

घरी येऊन मी तुमच्या खड्ड्याचं जुनं छायाचित्र बाहेर काढलं. तुमच्याही भिंतीत तो काळा पट्टा आहे. तुम्ही त्याला जळालेला थर म्हटलंत. आगीत पेठ बेचिराख झाली, असं निबंधात लिहिलंत. पहिल्याच वर्षी मी तीन दगड ओळीत पाहून रोजच्या नोंदीत 'घराचं जोतं' लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही मला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "पाहिलंस, की हवं होतं?" आणि अख्खी दुपार मला त्या दगडांसमोर बसवलं होतं. संध्याकाळपर्यंत ते नुसते दगड झाले. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता. या खेपेला ते छायाचित्र हातात धरल्यावर राग आला नाही. तुम्हालाही काहीतरी इतकं हवं होतं, हे पाहून मला तुमच्याबद्दल माया वाटली. विद्यार्थिनीला वाटते तशी नव्हे, बरोबरीच्या माणसाबद्दल वाटते तशी.

अहवाल गेला. तुमचं नाव घेऊनच लिहिलं, तुमचा निष्कर्ष टिकत नाही असं. माझा प्रबंधही त्यात आडवा झाला, तेही लिहिलं. पाटीचं काम थांबलं आहे. नदीकाठची पांढर आता नीट पाहायला हवी, पण तीही लोकांनी गाड्या भरभरून निम्मी नेली आहे. त्या गाड्यांत आमच्या वडिलांसारख्या कितीकांच्या गाड्या असतील. तिथं तुमची पेठ असेलही. मी तसं लिहिलेलं नाही, कारण पाहिलेलं नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. कॉलेजात सगळे म्हणतात, गुरूचं चुकलं म्हणायला धैर्य लागतं. मी ऐकून घेते. तुम्ही हयात असता, तर आणखी एक खड्डा घेऊन बघू, असं म्हणत मी वर्षामागून वर्षं काढली असती, आणि तुम्हाला भेटायला आले की पोह्यांची बशी हातात घेऊन दुसरंच काहीतरी बोलत बसले असते.