तुझा ट्रॅक्टर आम्ही बायकांनी उठवला

बाबा, तुझा ट्रॅक्टर काल सुरू झाला. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला गप बसून ऐकावं लागेल. तुझ्या मुलाने नाही केला, त्याच्या मुलाने तर नाहीच नाही. माझ्या नातीने केला, आणि तिच्या शेजारी मी उभी होते, पदर खोचून, या वयात. वरळीच्या किनाऱ्यावर सुकत घातलेले बोंबील सोडून बायका बघायला आल्या, कावळ्यांची चंगळ झाली. मला इतका आनंद झालाय की आज सकाळी चहात साखर टाकायची विसरले आणि तसाच प्याले. पण आनंद झाला की मला तुझा राग येतो. तू गेल्यापासून हे असंच आहे.

संपाच्या आदल्या संध्याकाळी तू गिरणीतून फार उशिरा आलास. बाकीचे फिटर घोषणा देत कधीच बाहेर पडले होते, आणि तू खात्यात मागे राहून तुझ्या मशीनला ग्रीस चोपडत बसलेलास, वर गोणपाट बांधून आलास. आई स्टोव्हवर कालवण ढवळत होती. तिने विचारलं, संपच करायचा तर मशीनचे एवढे लाड कशाला. तू म्हणालास, "झोपवून आलोय तिला. उठवायला मलाच जायचंय ना." अजून मला दिसतं, तू मोरीत बसलायस, हाताला साबण लावतोयस, काळं पाणी वाहतंय आणि ग्रीस काही निघत नाही. ती मशीन काही तुझ्या हातून परत उठली नाही. आता तिथे काचेची इमारत आहे, खाली कॉफी मिळते, दारावरचा माणूस मला माशाच्या टोपलीसकट हाकलतो. ते जाऊ दे. मला राग याचा आहे की मशीनला तू गोणपाट पांघरलंस आणि आम्हाला काय दिलंस? एक शब्द नाही. आई टोपली घेऊन परळला बाजारात बसायची, आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलेला. पुढे काय होणार, असं विचारलं की म्हणायचास, जा, भांडी घास.

मग तू पनवेलकडून कुणाचा तरी जुना ट्रॅक्टर आणलास, होड्या वाळूवर ओढायला. तेव्हा मात्र तू हसलास, खोटं कशाला बोलू. सगळा किनारा हाताने दोर ओढणारा, आणि तू वर बसलेला, सिंहासनावर बसल्यासारखा. मला त्या मशीनचं फार वेड. शाळा माझी चौथीत सुटली, पण कुठला नट कुठे बसतो हे मी लांबून बघून ओळखायची. एकदा तू होडी वर घेत होतास, मशीन धडधडत होती, तू खाली उतरून समोर काहीतरी बघत होतास. मी पुढे आले आणि हात लावायला गेले. तू माझ्या मनगटावर असा फटका दिलास की बांगडी फुटली. "हात काढ. परत इथं दिसलीस तर बघ." सगळ्या किनाऱ्यादेखत. माझं लग्न ठरलेलं, सासरकडची माणसं तिथेच मासळी घेत होती. आणि तू काय केलंस? टॉवेलने तोंड पुसलंस, पाठ फिरवलीस आणि होडीकडे निघून गेलास. त्याच संध्याकाळी भावाला सीटवर बसवून शिकवायला लागलास. मला कळायचं ते कळलं.

भावाला त्यात काडीचा रस नव्हता. तू गेलास तसा त्याने ट्रॅक्टर ताडपत्रीखाली ढकलला आणि स्वतः नोकरीला लागला. राहिली आई. तिला मशीनचं कोण काय सांगणार, तू तर बायकांना जवळ फिरकू दिलं नाहीस. तिला होडी माहीत होती. होडीला माशाचं तेल लावतात, लाकूड टिकतं, म्हणून ती नारळी पुनवेला ट्रॅक्टरलाही माशाचं तेल लावायची. जिवंत होती तोवर एकदा चुकली नाही. पत्र्याला, चाकाला, वायरींना, पट्ट्याला, जिथे हात पोचेल तिथे. वर हळदकुंकू. दर्यावरची खारी हवा, पण पत्र्याला गंज म्हणून नाही. आणि त्या वासाला सगळ्या कोळीवाड्याचे उंदीर आत राहायला. वायरी खाल्ल्या, इंजिनाला हवा जाते त्या डब्यात जाळ्याचे धागे नेऊन घरटं केलं. नात ते घरटं काढताना नाकाला रुमाल बांधून हसत होती. मला हसू येईना. तू दोन वाक्यं बोलला असतास तर आईने एवढी वर्षं प्रेमाने उंदीर पोसले नसते.

आता भावाच्या मुलाला ती जागा गाडी लावायला हवी झाली. भंगारवाल्याशी बोलून मोकळा. मी ओट्यावर बसून तोंड सोडलं, तेव्हा म्हणाला, आत्या, चालू करून दाखव, मग राहू दे. त्याला वाटलं म्हातारी गप्प होईल. पण माझी नात आयटीआयमध्ये डिझेलचं शिकलीय, बंदरावरच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करते. ती म्हणाली, ठीक आहे, भंगारवाला शनिवारी येऊ दे.

भाचा टेम्पो आणि दोर घेऊन आला, ओढून चालू करू म्हणाला. नातीने दोर काढून त्याच्या हातात दिला. एवढी वर्षं पडलेलं इंजिन असं ओढलं तर आतून मोडेल, आणि चालू झालंच तर तुझ्या टेम्पोवर येईल, म्हणाली. मग तिने सावकाश घेतलं. जुनं डिझेल काढलं, काकवीसारखं झालेलं. टाकी धुतली, ऑइल बदललं, पाणी भरलं, पट्टा नवा, वायरी नव्या. चाकांना पुढून मागून दगड लावले, गियर सुटा आहे ना ते बघितलं. मग बॅटरी न जोडताच मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, जराजरा, कुठे अडकतंय का ते बघत. पाना फिरला तेव्हा आतून एक सुस्कारा आला बघ, झोपेत कूस बदलल्यासारखा.

शेवटी तिने मला एक लाकडी फळी दिली. "आजी, बंद करायचा दांडा आहे, पण आत काही चिकटलं असलं तर मशीन ऐकणार नाय. सुसाट सुटेल. मी हात वर केला की ही फळी मशीन हवा ओढते त्या तोंडावर दाबायची. हात नाय लावायचा, फळीच." मला काम दिलं, बाबा. समजावून दिलं. तू जे जन्मात केलं नाहीस.

सेल्फ मारला. खोकली, पांढरा धूर, परत खोकली आणि धरली. पोरं ओरडायच्या आधीच आवाज चढायला लागला, चढतच गेला, पत्रा थडथडायला लागला. नात दांडा ओढतेय, उपयोग नाही. भाचा टेम्पोमागे. तिने हात वर केला आणि मी फळी दाबली. मशीनने ती अशी ओढून घेतली जणू आत गिळणार. मी सोडली नाही. गुदमरली आणि गप्प झाली. डिझेलच्या पंपातली दांडी चिकटली होती, ती नातीने खोलून सोडवली, आणि दुसऱ्या वेळी मशीन अशी चालली की भंगारवालासुद्धा म्हणाला, हिला नेलं तर पाप लागेल. भाच्याने गाडीला दुसरी जागा बघायची कबूल केली.

इथवर तुला ऐकवायचं होतं. पण आणखी एक झालं. मशीन चालत होती, नात पुढे वाकून आवाज ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा हात इंजिनापुढच्या फिरत्या पंख्याकडे गेला. मी तिच्या मनगटावर फटका मारला. जोरात. "हात काढ," एवढंच ओरडले, सगळ्या किनाऱ्यादेखत. ती मनगट चोळत म्हणाली, "काय झालं ते सांग ना गो आजी. नुसती मारतेस काय." मी पदराने तोंड पुसलं, पाठ फिरवली आणि फळी ठेवायचं निमित्त करून निघून गेले.

माझा राग गेला असं समजू नकोस. तूही माझ्यासारखाच घाबरला होतास, तर तसं सांगायचं होतंस. एवढी वर्षं मला वाटत राहिलं की तुला माझा हातच नको होता. हा लिहिलेला कागद टाकायचा तरी कुठे? दर्यात सोडला तर उद्या कुणाच्या तरी जाळ्यातून परत येईल. राहू दे इथेच, तांदळाच्या डब्याखाली. नातीला मी अजून काही सांगितलेलं नाही, लाज वाटते. ती खाली ट्रॅक्टरपाशी आहे, इथून आवाज येतोय. जाते.