शून्य बटणांचं मशीन

१ फेब्रुवारी, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या शोधांच्या सुरुवातीच्या नोंदी सापडत नाहीत आणि पुढे अभ्यासकांची पंचाईत होते. माझ्या बाबतीत ती नको.

परवा आईला बाथरूममध्ये चक्कर आली. पडली नाही, नळाला धरून बसली. ताईचा फोन. म्हणाली, तू दहा मिनिटांवर राहतोस, रोज संध्याकाळी तिच्याकडे डोकावत जा, नाहीतर महिनाअखेर मी येऊन तिला माझ्याकडे नेते. आईला घर सोडायचं नाही. त्या दाराला कुलूप लागलेलं मलाही बघवणार नाही.

पण रोज जाणं हा काय उपाय झाला? आजोबांच्या काळातलं सोल्युशन! मी आईसाठी खास कॉम्प्युटर बनवणार. सकाळी तिनं बटण दाबायचं, माझ्या फोनवर मेसेज: ‘आई ठीक आहे.’ खलास.

२ फेब्रुवारी
पर्सनल कॉम्प्युटरचा संपूर्ण इतिहास अभ्यासला (दोन व्हिडिओ, दुसरा अर्धा). सगळं गॅरेजमध्ये सुरू झालेलं आहे. आपल्याला गॅरेज नाही, म्हणून बाल्कनी ताब्यात घेतली. ही म्हणाली, मग कपडे कुठे वाळत घालू? इतिहासात असल्या प्रश्नांची नोंद राहत नाही, असं तिला सुनावलं.

दुपारी माझे कपडे मीच धुतले. वाळत कुठे घालायचे हा प्रश्न खरंच आहे.

५ फेब्रुवारी
पहिलं मॉडेल तयार! ऑफिसच्या भंगारातला मॉनिटर, कीबोर्ड आणि बाकी पसारा बाबांच्या जुन्या सूटकेसमध्ये बसवला. भलतंच जड झालंय. ही म्हणाली, हे सासूबाई उचलणार? पहिले पोर्टेबल कॉम्प्युटर शिवणयंत्राएवढेच होते, मूठ लावली की पोर्टेबल, हे हिला कुठून माहीत असणार. उचलून दाखवलं.

कंबरेत उसण भरली.

६ फेब्रुवारी
पडून. नवा विचार: मशीन लहान असावं.

९ फेब्रुवारी, रविवार
आज शास्त्रशुद्ध प्रयोग. म्हाताऱ्या माणसाला वस्तू वापरताना काय होतं हे स्वतः अनुभवायचं. हिचा चष्मा, हातात भांडी घासायचे रबरी मोजे, कानात कापूस, बुटात खडे. सकाळभर घरात वावरलो. निष्कर्ष: म्हातारपणी बटणं दिसत नाहीत, सापडत नाहीत आणि बायको फोटो काढते.

ही म्हणाली, खरी म्हातारी बाई दहा मिनिटांवर आहे, जाऊन तिलाच विचारा की. काय बोलणार! थोर डिझायनर वापरणाऱ्याला कधी विचारत नाहीत. आपल्याला काय हवंय हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.

१२ फेब्रुवारी
आईकडे चाचणी. तिनं माऊस उचलून रिमोटसारखा स्क्रीनवर रोखला. माऊस रद्द. जगात तो चाळीस वर्षं टिकला, माझ्याकडे चाळीस मिनिटं. याला म्हणतात प्रगतीचा वेग.

१३ फेब्रुवारी
टच. आईची बोटं कोरडी, काच दाद देईना. तिनं बोटाला साय लावली. काच पुसली, टच रद्द.

मग आवाज. फक्त ‘मी ठीक आहे’ एवढंच म्हणायचं. पण आई आधी त्याला जेवलास का विचारते. मग उन्हाबद्दल बोलते. तोवर मशीन झोपतं. म्हणाली, दमलं असेल रे बिचारं, नको उठवूस.

१६ फेब्रुवारी, रविवार
युरेका. एकच बटण. बशीएवढं, लाल. मशीन आईच्या कपाटावर बसवलं, बटण दाबलं, मेसेज आला. ताईला फॉरवर्ड केला. तिनं नुसता अंगठा पाठवला. जळतात लोक.

१७ फेब्रुवारी
संध्याकाळी आईचा फोन. तुझं ते बंद पडलंय, येतोस का? गेलो. प्लग निघाला होता, बसवला. आईनं चहा टाकूनच ठेवला होता, त्यामुळे थांबावं लागलं.

१८ फेब्रुवारी
पुन्हा प्लग. शिवाय शेजारणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. संध्याकाळ वाया.

१९ फेब्रुवारी
पुन्हा! सॉकेटच बदलला. बाबांनी एकदा रेडिओ दुरुस्तीला उघडला आणि जोडल्यावर चार स्क्रू उरले, तरी तो वाजत होता, ही गोष्ट आईनं सांगितली. पोट धरून हसलो. पण कामाच्या दृष्टीनं वेळ फुकट.

मशीन बंद पडलेल्या बाईच्या मानानं आई जरा जास्तच खुशीत वाटली. केसांत गजरासुद्धा.

२१ फेब्रुवारी
वैताग. रोज ऑफिस सुटलं की आईकडे. असंच रोज जायचं असेल तर मशीन कशाला बनवलं? ही म्हणाली, जाताय ना रोज, झालं तर मग. हिच्या बोलण्याला काही तर्क नसतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार
ऐतिहासिक दिवस. प्लगच काढून टाकला! आत बॅटरी, सहा महिने चालणारी. मग लक्षात आलं, बटण तरी कशाला? आई दाबायला विसरली तर आपल्याला उगीच घोर. बटणही काढलं. आता मशीन रोज सकाळी स्वतःला तपासतं आणि स्वतःच मेसेज पाठवतं. इतरांनी कॉम्प्युटरमधून एकेक वस्तू कमी केली, कुणी वायर, कुणी कीबोर्ड. मी वापरणाऱ्याचाच त्रास काढून टाकला.

ही म्हणाली, म्हणजे मशीन ठीक आहे एवढंच कळणार. मी म्हटलं, मशीन आईकडेच आहे ना?

२३ फेब्रुवारी
मेसेज आला. जावं लागलं नाही.

२४ फेब्रुवारी
मेसेज आला. संध्याकाळी झोप काढली.

२५ फेब्रुवारी
आईचा फोन. म्हणाली, हे आता बंद कसं पडत नाही रे? ऊर भरून आला. आजवर माझ्या कुठल्याच कामाला तिनं अशी दाद दिली नव्हती.

२६ फेब्रुवारी
पुन्हा फोन. आत पाणी गेलं तर बिघडेल का, विचारत होती. काळजी करू नकोस म्हटलं, वॉटरप्रूफ आहे. फोन मध्येच कट झाला. लाइन खराब असावी.

२७ फेब्रुवारी
आई ताईकडे जाते म्हणाली! मी हबकलोच. धावत गेलो, फोन उघडून सगळे मेसेज दाखवले, रोज ठीक, एकही दिवस खाडा नाही. तिनं ते डोळ्यांजवळ धरून वाचले. म्हणाली, मशीन छान झालंय रे, नाव ठेवायला जागाच नाही.

चहा टाकला नव्हता. कपबश्या बांधून झाल्या होत्या.

२८ फेब्रुवारी
ताई येऊन घेऊन गेली. गाडी वळेपर्यंत आई हात हलवत होती.

घरी आल्यावर ही डोळे पुसत म्हणाली, सासूबाई निघताना कानात सांगून गेल्या. प्लग मीच काढायचे गं. त्याला बोलू नकोस, वाईट वाटेल त्याला.

हिनं सांगितलं. वाटलं.

१ मार्च, शनिवार
सकाळी फोन वाजला. ‘आई ठीक आहे.’

दाढी न करताच निघालो. कुलूप उघडलं. रिकाम्या कपाटावर हिरवा दिवा लागलेला. बंद करायला हात घातला, तर बटण नाही. प्लग ओढावा म्हटलं, तर प्लग नाही. स्क्रूड्रायव्हर बाल्कनीत राहिला. मग तिच्या खुर्चीत बसून राहिलो. चहा टाकावासा वाटला, पण घरात दूध नव्हतं.

बॅटरी ऑगस्टपर्यंत जाईल. माझंच डिझाइन आहे, मध्ये बंद पडायचं नाही.