श्वसन: सोळा

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं प्रमाणपत्र घेऊन ताईचे तीन मजले चढले. लिफ्ट बंद आहे. भावोजी म्हणाले, ती आम्ही आल्यापासून बंदच आहे, तिच्याकडे शोभेची वस्तू म्हणून बघायचं. ताईला नववा लागलाय. दारात उभी राहून तिनं एका हातानं स्वतःचं पोट धरलं, दुसऱ्यानं माझी हनुवटी, आणि म्हणाली, की आता घरात हक्काचा डॉक्टर आला. मी म्हटलं, डॉक्टर नाही गं, ईएमटी. अँब्युलन्समध्ये मागं बसायचं आणि पेशंटला दवाखान्यापर्यंत जिवंत न्यायचं, एवढंच आमचं काम. ती म्हणाली, मग अजून काय हवं? छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

हे प्रमाणपत्र मिळवताना नाकी नऊ आले होते. प्रॅक्टिकलला दोनदा नापास. पहिल्यांदा हात थरथरले, दुसऱ्यांदा रबरी पुतळ्याला ‘काय होतंय तुम्हाला?’ असं विचारायला विसरले. त्याचे मार्क असतात. दोन्ही वेळा बाबांनी नातेवाइकांना सांगितलं की परीक्षा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा निघाले ती आमच्या सरांमुळे. सरांचा एकच हट्ट होता: श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची, कारण आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस तो वेगळाच घ्यायला लागतो. नाडी सगळे बघतात, श्वास कुणी मोजत नाही, सोळा लिहून मोकळे होतात, असं ते म्हणायचे. न मोजता सोळा लिहिणाऱ्याला ते तिथल्या तिथे नापास करायचे. मला त्यांनी पैकीच्या पैकी दिले.

उद्या सकाळी सातला हजर व्हायचंय. गणवेश ताईनं इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय.

शुक्रवार, ७ मार्च

चार दिवसांत अकरा पेशंट. आमच्या ड्रायव्हरला सगळे सावकाशकाका म्हणतात. गाडी ऐंशीवर असते आणि तोंडानं ‘सावकाश, सावकाश’ चालू असतं. ते कुणाला उद्देशून, हे अजून कळलेलं नाही. मागच्या बाजूला मी, स्ट्रेचर, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि एका नातेवाइकापुरती घडीची खुर्ची. सगळं माझ्या हाताला येतं. उभी राहिले तर डोकं छताला लागतं, म्हणून दिवसभर वाकून असते.

प्रत्येक पेशंटचा एक फॉर्म असतो. दर दहा मिनिटांनी नाडी, बीपी, श्वसन, ऑक्सिजन. जुन्या फायली चाळल्या तर श्वसनाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सोळा, सोळा, सोळा. म्हाताऱ्यालाही सोळा, धावत्या बसमधून पडलेल्यालाही सोळा. मला हसू आलं. पहिले दोन दिवस मी इमानदारीत मोजलं. कालपासून एखाद्या वेळी राहतं. गाडी हलते, सायरन वाजतो, नातेवाईक बोलत असतात. काका म्हणाले, तुझं मोजून होईपर्यंत आपण पोचलेलो असतो.

मंगळवार, ११ मार्च

मावशी झाले! दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. मुलगी. ताई ठीक आहे.

आज एक पेशंट गेला. सत्तरीचे गृहस्थ, छातीत जड वाटतंय म्हणून फोन आला होता. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. वाटेत सगळं नियमानं केलं, दर दहा मिनिटांनी नोंदी घेतल्या. दवाखान्याच्या दारात अचानक गेले. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पहिला मृत्यू लागतो मनाला, पण ज्या दिवशी घरात बाळ आलं त्या दिवशी रडत बसणं बरं दिसत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

इन्चार्ज बाईंनी त्या गृहस्थांचा फॉर्म नोटीस बोर्डावर लावलाय. नाव झाकून. एकही रकाना रिकामा नाही, अक्षर बघा, नवीन मुलगी असून बघा, असं सगळ्यांना ऐकवलं. काकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभी होते. सगळ्यांना वाटलं, लाजतेय.

वर मंगळवारी लिहिलंय ते खोटं आहे. स्वतःच्या वहीतसुद्धा खोटं लिहिलं मी.

खरं असं. गाडीत बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत बीपी घेतलं, ऑक्सिजनचा मास्क लावला आणि तीन वेळांच्या तीन ओळी एकदमच भरून टाकल्या. पुढच्या वेळासुद्धा. श्वसन सोळा, सोळा, सोळा. कारण भावोजींचे मेसेज येत होते, ताईला आत नेलंय, आता होईल. मी मोबाइल फॉर्मखाली धरून बघत होते. सोबतच्या काकूंनी एकदा विचारलं, की ह्यांचा श्वास हळू झाल्यासारखा वाटतोय का हो? मी वर न बघता सांगितलं, नाही काकू, सोळा आहे, अगदी नॉर्मल. त्या म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून धीर आहे. मग बाळाचा फोटो आला. फोटो बघून मी हसले. हसतच मान वर केली तर मास्कच्या आतली वाफ दिसेनाशी झाली होती. कधीपासून, मला माहीत नाही.

दार उघडेपर्यंत छातीवर दाब दिला. उशीर झाला होता. आणि फॉर्मवर बारा वाजून वीस मिनिटांनी, मी आधीच भरून ठेवलेल्या त्या शेवटच्या ओळीत, तो माणूस सोळा वेळा श्वास घेत होता. माझ्या सुंदर अक्षरात.

उतरताना काकूंनी माझे दोन्ही हात धरले आणि खूप केलंत म्हणाल्या.

सोमवार, १७ मार्च

आजपासून प्रत्येकाचा श्वास मोजायचा, पूर्ण मिनिट, काय वाट्टेल ते होवो. असं ठरवूनच गेले. पहिली बाई, चक्कर आलेली: सोळा. बरं वाटलं. दुसरा, पाय मोडलेला, कण्हत होता: सोळा. तिसरे आजोबा, झोपलेले: सोळा. चौथ्याला मी दोनदा मोजलं.

योगायोग असेल. सोळा नॉर्मलच असतो.

बुधवार, १९ मार्च

योगायोग नाही. काल पाच, आज सहा. अकराही जण सोळा.

आज शेवटची एक कॉलेजातली मुलगी होती, दम्याची. फासळ्या दिसत होत्या, इतकी धापा टाकत होती. हिचा तरी चाळीस भरेल, म्हणून मी मनगट धरलं आणि घड्याळ बघितलं. पंचवीस सेकंदांत सोळा झाले. आणि थांबलं. छाती थांबली. डोळे उघडे, माझ्याकडे बघतायत, तोंड उघडं, आणि आत हवा जात नाही. मी तिला हलवलं, हाका मारल्या. घड्याळाचा काटा बारावर आला आणि तिनं श्वास घेतला. मिनिट संपलं होतं. पुढच्या मिनिटाचे सोळा सुरू झाले.

मी तिचं मनगट सोडलं आणि नजर काढून घेतली, तेव्हा ती पुन्हा धापा टाकायला लागली. नीट. भरभर. नंतर म्हणाली, की कुणीतरी आत दार लावून घेतल्यासारखं वाटलं.

दवाखान्यात वाचली ती. मी फॉर्मवर काय लिहिलं ते इथे लिहीत नाही.

शुक्रवार, २१ मार्च

स्वतःवर करून बघितलं. तीन मजले पळत चढले, दारात उभी राहिले, पोटावर हात ठेवला, मोजलं. सोळाला गळा मिटला. प्रयत्न करूनही उघडेना. ताई आतून विचारत होती, कोण आहे, आणि मला ओ देता येत नव्हती. काटा बारावर आला तेव्हा सुटले.

पाचावर धारण बसली म्हणतात ती ही. त्याहून वाईट म्हणजे, गळा मिटला असताना मला पहिलं काय वाटलं, तर बरोबर आहे, माझ्याबाबतीत हेच व्हायला हवं.

मात्र ज्यांनी काही केलं नाही त्यांच्याबाबतीत का?

रविवार, २३ मार्च

बाळ घरी आलंय. इतकी छोटी आहे, की घरात सगळे कुजबुजतच बोलतात. नाव ठरलेलं नाही, तोवर भावोजी तिला साहेब म्हणतात.

जन्मल्यावर तिला थोडी धाप होती, म्हणून ताई घरी आल्यावरही तिला दवाखान्यातच ठेवलं होतं. ती उतरली, पण डॉक्टरांनी सांगितलंय, की दिवसातून एकदा तिचा श्वास मोजायचा. चाळीस ते साठ चालेल, साठच्या वर गेला तर लगेच आणायचं. ताईनं मोठ्या कौतुकानं तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, घ्या, हे खातं तुमचं.

नवजात बाळाला सोळा म्हणजे काय, ते मला माहीत आहे. आणि बाळाला अर्धं मिनिट श्वास नाही म्हणजे काय, तेही.

मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. बाळाकडे नाही बघितलं, भिंतीकडे बघितलं. मनात साठपर्यंत आकडे म्हटले आणि सांगितलं, बेचाळीस. ताई किती खूश झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाळाला वाचवायचं म्हणून पुन्हा तेच केलं, ज्यानं तो माणूस गेला.

मंगळवार, २५ मार्च

त्या गृहस्थांच्या घरी, काकूंकडे गेले. फॉर्मवर पत्ता होता. सांगून टाकायचं, पाय धरायचे, मग हे थांबेल, असं वाटलं.

त्यांनी मला ओळखलं, आत बसवलं, चहा केला. मी तोंड उघडायच्या आधीच त्या बोलायला लागल्या. म्हणाल्या, की मुलगा म्हणतो बाबांना वाटेत त्रास झाला असेल. मी त्याला सांगते, नाही, ती मुलगी मोजत होती, शेवटपर्यंत नीट श्वास घेत होते. तेवढ्यावर मी उभी आहे, म्हणाल्या.

मी चहा प्यायले.

मग त्यांनी आवाज खाली आणला. आतल्या खोलीकडे बघत म्हणाल्या, की दुपारचं घर शांत झालं की मला अजून त्यांचा श्वास ऐकू येतो. घाबरत नाही मी. मोजते. सोळाच असतो, तुम्ही सांगितला होता तसा.

मी कप खाली ठेवला आणि उठले. निघताना त्या शांततेत मलाही ऐकू आलं. आतून. मी मोजलं नाही. शपथ. जिना उतरेपर्यंत कानांवर हात ठेवले होते.

बुधवार, २६ मार्च

इन्चार्ज बाईंना सांगितलं. सगळं. त्या दार लावून म्हणाल्या, नवीन आहेस, सगळेच लिहितात, बंद झालेला फॉर्म उघडायचा नसतो. तुझ्याबरोबर आमचीही मान जाईल. आणि बोर्डावरचा कागद काढू नकोस, लोक विचारतील.

ताई: बाळाचा आकडा? मी: चव्वेचाळीस.

गुरुवार, २७ मार्च

आता मोजणं आपोआप सुरू होतं. भावोजी सोफ्यावर पेपर वाचत होते — सोळा — नंतर पेपर खाली आला, चेहरा लाल, छाती दाबत उठले. ठसका लागला म्हणाले. मी मोरीत जाऊन बसले.

कामावर गेले नाही. कुणाकडे बघायचं नाही. बाळाकडे तर —

तिच्या खोलीत पाय टाकत नाही. ताई म्हणाली, काय झालंय तुला, विटाळ झाल्यासारखी काय वागतेस तिच्याशी. रडली.

आकडा दारातूनच सांगितला. शेहेचाळीस.

शुक्रवार, २८ मार्च, सकाळी साडेअकरा

बाळाच्या नाकपुड्या फुलतायत. ओठांच्या कडा — मी दारातून बघितलं. निळ्या नाहीत अजून. सकाळपासून दूध ओढत नाही. आणि मी पाच दिवस आकडे सांगत होते. चांगले चांगले आकडे. कधीपासून धाप आहे, कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.

भावोजी गाडी आणायला गेलेत. ताई बाहेरच्या खोलीत डॉक्टरांच्या फोनवर. ते विचारतायत, मिनिटाला किती. त्यावर ठरणार, इथल्या दवाखान्यात की थेट मोठ्या. मी म्हटलं, तू मोज. ती म्हणाली, दोनदा मोजलं, चुकतंय, तूच मोज, तुझ्यावर विश्वास आहे माझा.

नाही मोजलं तर खोटा आकडा. मोजलं तर —

पुन्हा हाक मारतेय. किती?

बेचाळीस म्हटलं की सुटले. तोंडावर आलाय आकडा.

नाही. या पोरीला खोटं नाही सांगणार. सगळं मिनिट एकदम बघायचं, मध्ये थांबायचं नाही, सोळाच्या पुढे न्यायचा. ही वही पलंगावर उघडी ठेवलीय, प्रत्येक श्वासाला आकडा लिहिते, म्हणजे चूक नको. झबलं वर केलं. घड्याळ उशाशी.

१ २ ३ ४ ५ भरभर येतायत ६ ७ ८ ९ छान १० ११ १२

१३ १४ ताई थांब, बोलू नकोस

१५

१६

पंधरा सेकंद. पुढचा येईल

सतरा म्हण, साहेब

वीस. पोट हलत नाही

ताईला हाक मारली — आवाज निघेना — तीस — नजर काढता येत नाही, छातीवरून नजर निघत नाहीये — चाळीस — मी खरं मोजतेय, या वेळी मी खरं मोज